शिडाच्या बोटीची कील कुठली घ्यावी? फिन, बायल्ज की स्विंग (सल्ला हवा आहे)

ओलीदोरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता निर्णय अगदी गळ्याशी आलाय म्हणून धागा काढतोय. पहिली स्वतःची शिडाची बोट घ्यायची आहे, जुनीच, २६ ते २८ फुटांपर्यंतची. शोधता शोधता तीन बोटींवर गाडी अडकलीय. पहिली फिन कीलची (खाली एकच अरुंद खोल पातं), ड्राफ्ट (बोट पाण्याखाली जाते ती खोली) दीड मीटर. दुसरी बायल्ज कील म्हणजे खाली दोन कील असलेली, ड्राफ्ट ०.९ मीटर. तिसरी स्विंग कील, वर ओढली की ०.६ आणि पूर्ण सोडली की दीड. किंमत तिन्हींची उन्नीस-बीस, वयही साधारण तेवढंच.

मुरिंग (बोट बांधून ठेवायची पाण्यातली जागा) खाडीच्या तोंडाशी मिळतंय, तिथे उधाणाच्या ओहोटीला मीटरभर पाणी राहतं असं सांगतात, तळ चिखल आणि वाळू मिक्स. फिरणं मुख्यतः सुट्टीच्या दिवशी किनारा धरून, घरची मंडळी बरोबर, आणि वर्षातून एखादा लांबचा पल्ला मारायची हौस आहे.

फिनवाला विक्रेता म्हणतो बाकी दोन्ही बोटी वाऱ्यावर (वारा येतो त्या दिशेकडे) चढतच नाहीत, पैसे अक्षरशः पाण्यात जातील. बायल्जवाला म्हणतो फिन घेऊन काय दर ओहोटीला आडवी पाडणार का. स्विंगवाला गप्प आहे, त्याचीच जास्त भीती वाटते :) जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनासुकाणी

तिन्ही विक्रेत्यांचं सोडा हो. आधी मुरिंगवर जा आणि दोरीला वजन बांधून पाणी मोजा. "मीटरभर राहतं असं सांगतात" यावर बोट घेऊ नका, कारण सांगणारा भांगाच्या (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते त्या) दिवशी बघून आला असेल तर उधाणाला तिथे चालत जाता येईल. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हाच मोजा. आणि हवेचा दाब जास्त असला की पाणी भरतीच्या तक्त्यात दिलंय त्याहून खाली जातं, साधारण एका हेक्टोपास्कलला एक सेंटिमीटर. दाब सरासरीपेक्षा २० ने वर असेल तर तक्त्यातून २० सेंटिमीटर वजा करून चाला. तुमच्यासारख्या उथळ जागेत २० सेंटिमीटर म्हणजे गंमत नाही.

आकडा खरंच एक मीटरच्या आसपास निघाला तर दीड मीटरची फिन कील त्या मुरिंगवर राहूच शकत नाही, विषय संपला, ती वाऱ्यावर कितीही चढू दे. वर्षातले बहुतेक तास बोट मुरिंगवरच उभी असते, फिरत नसते. ती जिथे उभी राहते तिथला तळ कील ठरवतो, बाकी सगळी चर्चा त्याच्यानंतरची. आपल्याकडे लोक उलट्या टोकाने सुरू करतात, आधी बोटीच्या प्रेमात पडतात आणि मग तिला ठेवायला पाणी शोधत फिरतात.

नवखा_खलाशी

येडा प्रश्न विचारतो, हसू नका. कील म्हणजे शेवटी वजनच ना, बोट उलटू नये म्हणून खाली टांगलेलं? मग दोन असो, एक असो, वर-खाली होणारी असो, वजन तेवढंच असेल तर फरक काय पडतो? आणि आतच तळाला वजन टाकलं तर कीलची भानगडच नको.

जुनासुकाणी

येडा अजिबात नाही, उलट मुद्द्याचा प्रश्न आहे. कीलला कामं दोन असतात आणि लोक एकच लक्षात ठेवतात.

वजन हे एक. दुसरं म्हणजे बोटीला आडवं सरकू न देणं. वारा बाजूने आला की शिडावर जोर येतो आणि त्यातला बराचसा जोर बोटीला बाजूला ढकलतो, पुढे नाही. खाली कील नसेल तर बोट वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी वाहवत जाईल. कील पाण्यातून किंचित तिरकी जाते, दोन्ही बाजूंचा दाब वेगळा होतो आणि विमानाच्या पंखाला मिळते तशी लिफ्ट मिळते, फक्त आडवी. ती शिडाच्या ढकलण्याला तोडीस तोड उभी राहते आणि उरलेला जोर बोटीला पुढे नेतो. किंचित तिरकी म्हटलं तो लीवे, म्हणजे बोटीचं तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष वाटचाल जरा वाऱ्याच्या खालच्या अंगाला. चांगल्या फिनला वाऱ्यावर जाताना ३ ते ५ अंश, उथळ किंवा बोथट कीलला त्याहून जास्त. ५ अंश म्हणजे १२ मैलांत एक मैल आडवं सरकलात. खडक टाळून जायचं असेल तेव्हा हा मैल मोठा वाटतो.

आता आत वजन टाकायचं म्हणाल तर पूर्वीच्या कित्येक बोटी दगड आणि लोखंड आत भरूनच चालायच्या. पण तेच वजन मीटरभर खाली टांगलं तर बोट कलल्यावर तिला सरळ करायची ताकद कितीतरी वाढते. आणि आतलं वजन नीट बांधलेलं नसेल तर बोट जोरात कलली की तेही कललेल्या बाजूला धावतं, म्हणजे जिथे नको तिथे.

दर्याचीहाक

मला कळत नाही की तीनच पर्याय का बघताय. फुल कील बघा ना. नाळेपासून (बोटीचं पुढचं टोक) मागेपर्यंत सलग गेलेली कील, तिच्याच मागच्या कडेला सुकाणू, प्रोपेलर त्या दोघांच्या मधल्या खाचेत सुरक्षित. जाळ्याची दोरी असो की तरंगता ओंडका, आधी कीलवर आपटणार, सुकाणू आणि पंखा वाचतो. समुद्र खवळला की शीड उलटं बांधून, सुकाणू अडकवून बोट एका जागी शांत डोलत ठेवता येते, मॉडर्न फिनवाल्यांना हे जमवताना घाम फुटतो.

सुहेली आठवा. ३२ फुटांची, फुल कील. गोल्डन ग्लोब शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून १९६८ च्या जूनमध्ये निघाले आणि ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मध्ये, कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून परत आले. त्या शर्यतीच्या नावाने पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोबमध्ये तर नियमच आहे की बोट ३२ ते ३६ फुटांची, १९८८ च्या आधीच्या डिझाइनची, कील पूर्ण लांबीची आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला हवं. आपले अभिलाष टॉमी २०२२ च्या शर्यतीत दुसरे आले ते अशाच बोटीवर, रस्लर ३६. ज्यांना पृथ्वीप्रदक्षिणा करायची त्यांच्यासाठी फुल कील चालते, मग तुमच्या सुट्टीच्या दिवसाला का नाही?

तिरकावारा

@दर्याचीहाक, गोल्डन ग्लोबमध्ये फुल कील आहे कारण नियमाने दुसरी आणायला बंदी आहे, ती जिंकते म्हणून नाही. जिथे बंदी नाही तिथली यादी काढून बघा.

फुल कीलचं पाण्याला लागणारं अंग प्रचंड, हलक्या वाऱ्यात बोट हलायलाच तयार नाही. टॅक मारायचा (नाळ वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवायची) म्हणजे आधी अर्ज द्यावा लागतो. आणि रिव्हर्समध्ये तर काय, इंजिन मागे टाकलं की बोट तिला वाटेल तिकडे वळते, तुमच्या सुकाणूला विचारत नाही. गजबजलेल्या धक्क्यात फुल कील मागे घेताना बघणं हा आमच्या लोकांचा मुख्य करमणुकीचा कार्यक्रम आहे. बरं, ओलीदोरींच्या मीटरभर पाण्यात ती तरी कुठे मावणार आहे? या लांबीच्या फुल कील बोटींचाही ड्राफ्ट बहुतेक मीटरच्या वरच असतो.

फिन ही काही काल आलेली फॅशन नाही. नॅथनेल हेरेशॉफ यांनी १८९१ मध्ये डायलेमा नावाच्या बोटीला पत्र्याची फिन आणि खाली शिशाचा लांबट गोळा लावला होता. क्रूझिंगच्या बोटींत ती रुळली १९६० नंतर. १९६३ मध्ये कॅल ४० आली, फिन कील, सुकाणू वेगळं लांब मागे, आणि १९६५ ची ट्रान्सपॅक शर्यत जिंकून गेली. जुनी मंडळी तेव्हाही म्हणत होती की असलं खोल समुद्रात टिकणार नाही.

फिनचा खरा तोटा सांगतो, जो तिचे विक्रेते सांगत नाहीत. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या हिशोबात मिळते. ४ नॉटला जेवढी मिळते त्याच्या पावपट २ नॉटला. त्यामुळे टॅक मारून बोट मंदावली की अरुंद खोल फिन स्टॉल होते, पाणी तिच्यावरून सुटतं आणि बोट सरळ बाजूला घसरायला लागते. नवे लोक नेमके तेव्हाच शीड अजून आवळतात आणि नाळ अजून वाऱ्याकडे ओढतात. करायचं उलट, जरा खाली पडायचं (नाळ वाऱ्यापासून दूर वळवायची), वेग घ्यायचा, कील पकडतेय असं हाताला कळलं की मग वर चढायचं. रुंद कीलला हे नखरे कमी, म्हणून बोट चालवायला शिकवणाऱ्या शाळांच्या बोटींना अगदी अरुंद फिन सहसा दिसत नाही.

नवखा_खलाशी

+१, "अर्ज द्यावा लागतो" भारी :D

आणि ती पंख असलेली कील? त्याच्यावर कुणी बोललं नाही.

तिरकावारा

विंग कील. १९८३ ची अमेरिकाज कप शर्यत. बेन लेक्सेन यांनी ऑस्ट्रेलिया २ या बोटीला अशी कील दिली की जी खाली निमुळती होण्याऐवजी रुंद होत जाते आणि टोकाला दोन पंख. बोट पाण्याबाहेर काढली की खालचा भाग कापडाने झाकून ठेवायचे. शेवटी अमेरिकेच्या लिबर्टी बोटीला ४-३ ने हरवलं आणि १८५१ पासून अमेरिकेकडेच असलेला कप १३२ वर्षांनी बाहेर गेला.

त्यानंतर काही वर्षं प्रत्येक बोट बनवणाऱ्याला पंख हवे होते. तत्त्व बरोबर आहे, कीलच्या टोकाला दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत घुसून भोवरा होतो, पंख तो कमी करतात, शिवाय वजन अगदी तळाला जातं. त्यामुळे कमी ड्राफ्टमध्ये बरं काम निघतं. पण फॅमिली क्रूझरवर एक लफडं आहे. फिन वाळूत टेकली तर सगळ्यांना एका बाजूला पाठवून बोट कलवायची, ३० अंश कलली की दीड मीटरचा ड्राफ्ट १.३ वर येतो आणि बोट सुटते. विंग कील अशी कलवली की एक पंख अजून खाली जातो. चिखलात रुतली तर पंख नांगरासारखे अडकतात, भरती येईपर्यंत गप्प बसायचं. दोऱ्या, शेवाळ, टाकलेली जाळी सगळं त्या पंखांना आवडतं ते वेगळंच.

(अवांतर: शर्यतीच्या बोटींत आता कीलच बाजूला वळवतात, हायड्रॉलिक लावून साधारण ४० अंशांपर्यंत वाऱ्याच्या बाजूला. पण तशी कील लिफ्ट द्यायचं काम सोडून देते, मग त्यासाठी वेगळे डॅगरबोर्ड (वर-खाली सरकणारी पाती) लागतात. आपल्या कामाचं नाही.)

दोनपायी

आता बायल्जवाल्याला बोलू द्या. माझी बोट बायल्ज कीलचीच आहे आणि मुरिंग सुकतं.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे ओहोटीला बोट दोन कीलवर सरळ उभी राहते. चहा सांडत नाही. खाली उतरून तळ घासता येतो, अ‍ॅनोड बदलता येतो, क्रेनचा खर्च वाचतो. वेस्टर्ली सेंटॉर बघा, १९६९ ला आलेली २६ फुटी बोट, ड्राफ्ट फक्त ०.९ मीटर, अशा दोन हजारांहून जास्त बनल्या आणि आजही कितीतरी चालू आहेत. ज्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटी मोठी तिथे ही कील टिकलीय ती कुणाला आवडते म्हणून नव्हे, गरज आहे म्हणून.

तोटे पण मोकळेपणाने सांगतो. वाऱ्यावर फिनच्या मागे पडते, याबद्दल वाद नको. फिनवाला ज्या टोकाला दोन टॅकमध्ये वळसा घालेल तिथे आम्हाला तिसरा लागतो. दोन कील म्हणजे पाण्याला लागणारं अंग जास्त. अँकरवर असताना बोट कलली की वर आलेल्या कीलखाली लाटा थापडा मारतात, झोपणाऱ्याच्या कानाखालीच. दोन कीलच्या मधल्या भागाला रंग लावायचा म्हणजे पाठ धरते, आणि शंख-शिंपले नेमके तिथेच वस्ती करतात.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. फिनवाल्याची कलवून सुटायची युक्ती इथे उलटी पडते. बायल्जची बोट कलवली की खालच्या बाजूची कील जवळपास उभी होते आणि अजून खोल जाते, ड्राफ्ट वाढतो. त्यामुळे टेकल्यावर सगळ्यांना मधोमध बसवायचं, बोट सरळ ठेवायची आणि आल्या वाटेने मागे जायचं.

सुकणाऱ्या जागेचा तळ मात्र पायी फिरून बघा. एक कील चिखलात आणि दुसरी दगडावर अशी टेकली तर बोट तिरकी बसते आणि त्या एका कीलच्या मुळावर नको तेवढा जोर येतो. नुसता मऊ चिखल असेल तर बोट हळूहळू स्वतःचे दोन खड्डे करून घेते आणि मग दर वेळी त्याच्यातच नीट बसते. सगळ्यात वाईट म्हणजे कडक वाळू आणि वर लाटा, पाणी येताना-जाताना अर्धा तास बोट उचलून आपटते, आत बसलात तर प्रत्येक दणका दातांत कळतो. ओलीदोरी, तुमची जागा खाडीच्या तोंडाशी आहे, तिथे लाट आत शिरते का हे पाण्याच्या खोलीइतकंच महत्त्वाचं आहे.

कप्पी_आणि_दोरी

स्विंग कील बराच काळ वापरली म्हणून बोलतो. जिथे कुणी जाऊ शकत नाही तिथे जायचं असेल तर हिच्यासारखी मजा नाही. गुडघाभर पाण्यात नेऊन ठेवा, ट्रेलरवर चढवा. कील खडकाला लागली तर मागे वर उचलली जाते, फिनसारखा दणका बसत नाही. कॅटलिना २२ हे नेहमीचं उदाहरण, बिडाची साधारण अडीचशे किलोची कील, वर ०.६ मीटर, खाली दीड.

पण ती अडीचशे किलो एका पिनवर लटकते आणि एका वायर रोपने उचलली जाते, हे रोज लक्षात ठेवावं लागतं. पिन झिजते, पिनचं भोक लंबगोल होतं, मग कील पेटीत डावी-उजवी आदळायला लागते. रात्री अँकरवर ठक... ठक... असा आवाज येत असेल तर तोच आहे. वायर पाण्याखाली असते, आतून गंजते, वरून चकाचक दिसते. वेगात असताना ती वायर गुणगुणते, पहिल्यांदा ऐकलं की वाटतं इंजिन चालू राहिलं. आवाज चालेल, वायरचे तुटलेले केस हाताला लागले तर चालणार नाही, त्या दिवशी बदला. वायर तुटून कील एकदम खाली सुटली तर पेटी फोडू शकते आणि पेटी फुटली म्हणजे बोटीच्या मधोमध भोक.

चिखलात ठेवणार असाल तर अजून एक. बारीक खडे आणि शिंपले पेटीत घुसतात आणि कील अडकून बसते, नेमकी बाहेर पडल्यावर खाली यायला नकार देते. मुरिंग सोडल्यावर पहिलं काम कील पूर्ण खाली गेली का ते बघणं. अर्ध्या कीलवर बोट वाऱ्यावर जातच नाही आणि वजन वर राहिल्याने ती सरळ व्हायलाही आळस करते. पूर्ण खाली ठेवून लॉक करायची सोय आहे का ते विक्रेत्याला विचारा. लॉक नसेल आणि बोट फार कलली तर कील स्वतःच्या वजनाने परत पेटीत घुसू शकते, म्हणजे जेव्हा ती सगळ्यात जास्त हवी तेव्हाच नाही.

सगळ्याच उचलायच्या कील अशा नाजूक नसतात हेही सांगायला हवं. काहींत बॅलास्ट (बोट स्थिर ठेवणारं वजन) हलच्या (बोटीच्या धडाच्या) तळाला किंवा उथळ कीलमध्ये पक्का असतो आणि वर-खाली होतो तो फक्त हलका बोर्ड. फिनिस्टेर नावाची ३८ फुटी बोट अशीच होती, तिने १९५६, ५८ आणि ६० अशा लागोपाठ तीन बर्म्युडा रेस जिंकल्या. तिथे बोर्ड अडकला तरी वाऱ्यावरची चाल जाते, वजन जागेवरच राहतं. ओलीदोरी, तुमच्यावाल्या बोटीत बॅलास्ट कुठे आहे हे आधी विचारा. स्विंगवाला गप्प का आहे ते कदाचित तिथेच कळेल.

गणितमास्तर

उलटण्याबद्दल कुणीच आकडे दिले नाहीत म्हणून. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने धुमाकूळ घातल्यानंतर एक साधं सूत्र पुढे आलं. बोटीचं वजन पौंडांत घ्या, ६४ ने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि बोटीची फुटांतली रुंदी त्याने भागा. उत्तर २ च्या खाली असेल तर लांबच्या समुद्रासाठी बरी. १०,००० पौंड आणि १० फूट रुंद बोटीचं उत्तर साधारण १.८६ येतं, म्हणजे पास. तिन्ही बोटींचं काढून बघा.

जुनासुकाणी

मास्तर, सूत्र बरोबर आहे पण या धाग्यात ते काही कामाचं नाही. त्यात कील कुठेच येत नाही. तेच वजन आणि तीच रुंदी ठेवून बॅलास्ट कीलच्या टोकाला लावा नाहीतर डोलकाठीच्या शेंड्याला बांधा, उत्तर १.८६ च. जड बोट आणि कमी रुंदी याला मार्क देतं, बस.

मागायची असेल तर त्या मॉडेलची स्थिरतेची कर्व्ह मागा. बोट किती अंश कलल्यावर सरळ व्हायचं सोडून पुढे उलटते तो आकडा त्यात असतो. खोल समुद्रासाठी १२० अंशांच्या आसपास किंवा वर असावा असं सगळे धरून चालतात. एकाच मॉडेलच्या खोल आणि उथळ कीलच्या आवृत्त्या मिळतात तेव्हा उथळवालीत जादा वजन घालून हे भरून काढायचा प्रयत्न केलेला असतो, म्हणून उथळ आवृत्ती बऱ्याचदा जड असते.

शिसं आहे की बीड तेही विचारा. शिशाची घनता ११.३, बिडाची ७.२ च्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच वजनाची बिडाची कील दीडपटीने जाड होते. शिसं मऊ, खडकाला लागलं तर स्वतः चेपतं आणि दणक्याचा काही भाग गिळतं. बीड चेपत नाही, सगळा दणका वर बोल्टांना आणि हलला पोचवतं, आणि गंजतं ते आहेच. पण बीड स्वस्त, म्हणून जुन्या फॅमिली क्रूझर बघाल तर बहुतेकांना तेच.

हातोडी_टॉर्च

सगळा धागा वाचला, छान चाललाय, पण प्रकारावर एवढं भांडून झालं आणि कील बोटीला लागते कशी यावर एक ओळ नाही. बोटींचे सर्व्हे करणं हा माझा धंदा आहे. माझ्या मते जुन्या बोटीत कीलचा प्रकार दुय्यम, तिचा जोड पहिला. चांगल्या जोडाची "चुकीची" कील मी डोळे झाकून घेईन.

जोड मुख्य दोन तऱ्हेचे. एकात बॅलास्ट फायबरच्या कीलच्या आतच ओतलेला किंवा बसवलेला, बोल्ट नाहीत. कील पडायची भीती जवळपास नाही, पण तळ घासून फायबर फाटलं की पाणी आत जातं, आतला बॅलास्ट लोखंडाचा असेल तर तो गंजून फुगतो आणि कीलच्या बाजू बाहेर ढकलतो. हाताने वर-खाली चाचपून बघा, फुगवटा लागतो. हातोडीने हलकेच ठोकत जा, भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द.

दुसऱ्यात कील बोल्टांवर. स्टेनलेसचा बोल्ट उघड्यावर वर्षानुवर्षं टिकतो, पण ओल्या, हवा न लागणाऱ्या फटीत त्याला आतून खड्डे पडतात. बोल्टाची अशी फट नेमकी हल आणि कील यांच्या जोडात असते. वरून नट चकचकीत, खालून आटा शाबूत आणि मधे बोल्ट पेन्सिलीएवढा बारीक झालेला, असे बोल्ट मी काढलेत. म्हणून नट बघून "बोल्ट मस्त आहेत" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शंका असेल तर एक बोल्ट काढून बघायचा, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

आता रुतण्याचं. फिन कील वेगात खडकाला लागली की तिचं टोक मागे जातं आणि ती तरफेसारखी वागते. पुढची कड हलपासून खाली ओढली जाते, मागची कड वर हलमध्ये घुसते. त्यामुळे सगळे जण पुढच्या जोडातली भेग बघतात (तिला कॅटलिना स्माइल म्हणतात, पण ती कुठल्याही बोटीत दिसू शकते), आणि खरा मार मागच्या कडेच्या वर, आत फळ्यांखाली असतो. तिथल्या आडव्या पट्ट्या हलपासून सुटल्यात का, कोपऱ्यात केसासारख्या भेगा आहेत का, ताजा रंग फासलाय का ते टॉर्च तिरका धरून बघा. सरळ प्रकाशात भेग दिसत नाही. बोटीत बाकी सगळीकडे जुना मळकट रंग आणि नेमक्या त्या दोन फुटांत नवा कोरा असेल तर मी तरी सरळ विचारतो, कधी टेकली होती?

२०१४ च्या मे महिन्यात चिकी रफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निघून उलटली, चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या अपघात तपासणीत हेच पुढे आलं की आधीच्या रुतण्या आणि दुरुस्त्यांमुळे हल आणि आतली चौकट यांचा चिकटलेला जोड कमजोर झाला असावा. अशा बोटींत चौकट वेगळी साच्यात काढून हलला चिकटवतात, चिकट कुठे सुटली ते बऱ्याच ठिकाणी वरून दिसतच नाही. कील आणि तिच्या जोडासाठी वेगळं आयएसओ मानकही आहे, १२२१५ चा नववा भाग, पण तो २०१२ चा, तुमच्या तिन्ही बोटी त्याच्या आधीच्या असणार.

ओलीदोरी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली.

अपडेट. अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी होडी घेऊन गेलो आणि दोरी टाकली. ओहोटीच्या तळाला ०.८ निघालं, मीटर नाही. जुनासुकाणी म्हणाले तसंच. म्हणजे फिन कटाप. काठीने तळ चाचपला तर वरचा हातभर चिखल मऊ, खाली घट्ट लागतं, दगड कुठे लागला नाही. लाट आत येते पण वारा एका विशिष्ट दिशेचा असला तरच, बाकी वेळ शांत.

स्विंगवाल्याला बॅलास्ट विचारला. सगळा कीलमध्येच आहे, लॉक "होता", आता नाही. वायर कधी बदलली ते त्याला आठवत नाही. त्यामुळे मन बायल्जकडे झुकतंय, वाऱ्यावर एक टॅक जास्त मारू, घाई कुणाला आहे.

बायल्जच्या दोन्ही कील बोल्टच्या आहेत, बिडाच्या. आत फळ्या उचलून टॉर्च तिरका मारला. डाव्या कीलच्या मागच्या कडेच्या वर वीतभर लांबीची बारीक रेघ आहे, उजवीकडे काही नाही. विक्रेता म्हणतो ती वरच्या जेलकोटची (फायबरवरच्या बाहेरच्या थराची) आहे, सगळ्याच जुन्या बोटींत असतं. हे खरं मानायचं का?

हातोडी_टॉर्च

एकाच बाजूला आहे म्हणजे जेलकोटचं वय हे कारण मला पटत नाही, दोन्ही बाजूंचं वय सारखंच आहे. एक कील कधीतरी कशावर तरी टेकली असावी असंच पहिलं डोक्यात येतं. पण रेघ बघून निदान करू नये, तिथला जेलकोट नखाएवढ्या रुंदीत खरवडून बघायचा. खाली फायबर सलग आणि पारदर्शक असेल तर विक्रेता बरोबर. पांढरट, धाग्यांसारखं किंवा ओलसर दिसलं तर भेग खोल आहे.

बोट क्रेनने उचलायला सांगा, पट्ट्यांवर लटकत असताना दुसऱ्या माणसाला डाव्या कीलचं टोक धरून आत-बाहेर ढकलायला लावा आणि तुम्ही आत त्या रेघेवर बोट ठेवून बसा. उघडझाप जाणवली तर बोल्ट काढल्याशिवाय पुढे बोलणीच नको. आणि लटकत असतानाच बाहेरून जोडाच्या कडेला गंजाचे ओघळ येतायत का ते बघा, बोट खाली टेकवली की फट मिटते आणि काही दिसत नाही.

दोनपायी

हेच लिहायला आलो होतो. खरवडायला विक्रेत्याची आधी परवानगी घ्या. नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते विचारा, आणि बोल्ट काढून बघण्याचा खर्च किमतीतून वळता करायला तयार आहे का तेही. माझ्या बोटीच्या वेळी पहिला विक्रेता या दुसऱ्या प्रश्नावर फोनच उचलेनासा झाला, मग दुसरी शोधली.

ओलीदोरी

क्रेन पुढच्या भांगाला मिळतेय. खरवडायला हो म्हणालाय, खर्चाबद्दल "बघू" म्हणाला. फोटो टाकतो.